मानेवरचा काटा

मला पाण्याची भीती वाटते हे मी आजवर फक्त दोन माणसांना सांगितलंय. एक माझी बायको, आणि दुसरा तो हाडांचा डॉक्टर, ज्याने माझ्या कमरेचा एक्स-रे उजेडासमोर धरून, "पोहायला लागा, नाहीतर असेच वाकून राहाल," असं सुनावलं. तिसरीला सांगावंच लागलं नाही. तिला आपोआप कळलं.

वयाच्या बावन्नाव्या वर्षी, सकाळी साडेसहाच्या बॅचला, मी सार्वजनिक तलावाच्या काठावर जाऊन उभा राहिलो. अंगावर नवी चड्डी, डोक्यावर घट्ट रबरी टोपी. उथळ भागातल्या शिडीपाशी मी उगाचच टोपी सारखी करत होतो. माणसाच्या दीडपट उंचीच्या लोखंडी खुर्चीवर एक बाई बसली होती. ती माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"टोपी नीट आहे. पाय कापतायत, त्यांचं काय करायचं ते बघू."

ती तिथली जीवरक्षक. वय चव्वेचाळीस, अंगाने सडपातळ, उन्हाने रापलेली, केस अगदी बारीक कापलेले. मुलं तिला मावशी म्हणत, मोठी माणसं बाई म्हणत, आणि पाठीमागे सगळेच घार म्हणत. डोळे घारे नव्हते, चांगले काळेभोर होते. नजर मात्र घारीची. मी एका छापखान्यात प्रूफं वाचतो. हे कळल्यावर तिने माझं नाव विचारायचे कष्टही घेतले नाहीत. मी 'प्रूफवाले' झालो तो कायमचा.

तिचे वडील याच तलावाचे पंपवाले. पाण्याच्या गाळणीच्या इमारतीमागे दोन खोल्या होत्या, तिथेच ती आणि तिची ताई वाढल्या. भिंतीपलीकडे पंप घुमत असायचा. त्या आवाजाची इतकी सवय की, तो थांबला की घरातले दचकायचे. ती नऊ वर्षांची असताना एक मोठा मुलगा खोल पाण्यात डोकं मागे टाकून, तोंड वासून वरखाली होत होता. काठावर त्याचे मित्र पोट धरून हसत होते. त्यांना वाटलं, गडी नकला करतोय. हिने वडिलांचा शर्ट ओढला.

"बाबा, तो हसत नाहीये."

वडिलांनी एकदा बघितलं आणि कपड्यांनिशी उडी घेतली.

त्या दिवसापासून घरात पायंडाच पडला. काही अडलं की, 'धाकटीला विचारा.' नवा भाडेकरू कसा वाटतो? धाकटी म्हणाली, "नको." त्याला शेजारच्यांनी ठेवून घेतलं, आणि दोन महिन्यांत तो त्यांच्या न्हाणीघराचे नळ काढून घेऊन पसार झाला. मग तर विचारूच नका. तिचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. तिने पुढे लग्न केलं नाही, वडिलांच्या मागे त्याच दोन खोल्यांत राहिली आणि त्याच तलावावर नोकरीला लागली. एकोणीस वर्षांत तिने सत्तावीस माणसं बाहेर काढली होती.

"तुम्हाला कळतं कसं?" मी एकदा विचारलं.

"मानेवर काटा येतो," ती म्हणाली. "बस, एवढंच. मग मी बघते, आणि तिथे कुणीतरी असतंच."

माझ्यादेखतची गोष्ट सांगतो. आमच्या बॅचला गॅरेज चालवणारा एक धिप्पाड गृहस्थ होता. रोज चाळीस फेऱ्या मारायचा. एके दिवशी सहाव्या फेरीला हिने शिट्टी मारली आणि त्याला हाताने बाहेर बोलावलं.

"का? मला काय धाड भरलीय?"

"माहीत नाही. बाहेर या."

तो कुरकुरत, दोन अपशब्द पुटपुटत कपडे बदलायच्या खोलीत गेला आणि बाकावर बसला तो उठेचना. रंग राखेसारखा. हृदयविकाराचा झटका होता. पाण्यात असता तर संपला असता. त्यानंतर बॅचमधले निम्मे लोक पाण्यात उतरण्याआधी एकदा वर खुर्चीकडे बघायला लागले. त्यात मी पहिला. तिने मान डोलवली की माझा जीव भांड्यात पडायचा.

आता दुसरी गोष्टही सांगायला हवी, कारण प्रूफ वाचणाऱ्याने सोयीच्या ओळी तेवढ्या वाचून चालत नाही. कपड्यांच्या कपाटांतून घड्याळं नाहीशी व्हायला लागली. बॅचमध्ये एक शिंपी होता, निळ्या टोपीचा, अबोल. घार म्हणाली, "तोच."

"कशावरून?"

"मला दिसतंय ना."

पुरावा काही नव्हता. पण तिला दिसतंय म्हटल्यावर पुरावा कोण मागतो? आठवड्याभरात त्या शिंप्याशेजारी कुणी कपडे बदलेना. महिन्याने त्याने येणं सोडलं. चार महिन्यांनी सुताराने कपाटांच्या मागची कुजलेली फळी काढली, तर मागच्या फटीत तीन घड्याळं, एक अंगठी आणि एक कवळी निघाली. कवळीवर आजवर कुणीही हक्क सांगितलेला नाही. मी तिला जाऊन सांगितलं.

"सापडलं ना? बरं झालं," ती म्हणाली, आणि पुन्हा पाण्याकडे बघायला लागली. शिंप्याचा विषय तिच्या तोंडून निघाला नाही. बाहेर काढलेली सत्तावीस माणसं तिला एकेक करून आठवत होती. हा अठ्ठाविसावा, जो तिच्यामुळे बाहेर गेला, तो तिच्या लक्षातही राहिला नाही.

तलावावर दुसरा जीवरक्षक होता, पन्नाशी ओलांडलेला. तो आधी बसचा कंडक्टर होता, म्हणून नावही कंडक्टर. बसमधली सवय सुटली नव्हती. तो काठाने चकरा मारायचा आणि डोकी मोजायचा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दोरांनी आखलेला पट्टा एक ते सहा, आणि मग तळाकडे नजर. पुन्हा पहिल्यापासून. ओठ सारखे हलत असायचे.

"अहो कंडक्टर, पुढच्या स्टॉपला कोण उतरणार?" घार वरून टोमणा मारायची.

"उतरलेला परत चढला का, एवढंच बघतो मी," तो म्हणायचा. "आपल्याला काही तुमच्यासारखा काटाबिटा येत नाही, बाई."

नियम असा होता की दोघांनीही मोजायचं. ती मोजत नसे. तिला गरज वाटत नसे.

त्या वर्षी वरच्या कचेरीला हुक्की आली आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना स्वभाव ओळखण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. कुणी एक घट्ट कोटातला माणूस आला, सत्तर प्रश्नांची पत्रिका भरून घेतली, आणि पंधरा दिवसांनी प्रत्येकाच्या हातात एकेक कागद पडला. घारीचा जवळचा चष्मा घरी राहिला होता. तिने कागद माझ्यापुढे धरला. "वाचा. तुमचा धंदाच आहे."

मी काठावर पाय सोडून बसलो आणि वाचलं. ती म्हणे अंतःस्फूर्तीने चालणाऱ्या प्रकारात मोडत होती. 'अंतःस्फूर्ती'मधला विसर्ग गळाला होता, ते मी मनातल्या मनात दुरुस्त केलं. वरच्या अर्ध्या भागात बलस्थानं. इतरांना दिसण्याआधी तुम्हाला दिसतं. अर्धवट खुणांवरून पूर्ण चित्र उभं करता. आणीबाणीत तुमचे हातपाय गळत नाहीत. तिचा चेहरा उजळला.

"आता खालचं ऐका," मी म्हटलं. "कळलं कसं ते तुम्हाला सांगता येत नाही, म्हणून चुकलं कुठे तेही सापडत नाही. एकदा मत झालं की त्याच्या उलट काही दिसत नाही. मनातली भीती आणि आतून आलेली सूचना यांत गल्लत होते. आणि आतून सूचना आली नाही, की सगळं ठीक आहे असं धरून चालता."

"हे खालचं कुणालाही लागू पडेल," ती म्हणाली.

"वरचंही पडेल की."

"तुम्ही चुकाच शोधत बसा, प्रूफवाले." तिने हसत कागदाची घडी घातली आणि शिट्टीच्या पिशवीत टाकला.

तिची भाची तेव्हा एकोणीस वर्षांची होती. ताईची एकुलती एक मुलगी. मावशीनेच तिला तिसऱ्या वर्षी पाण्यात सोडलं होतं, आणि आता ती तलावावरची सगळ्यात तयारीची पोहणारी होती. समुद्रावरच्या बचाव पथकात भरती व्हायचं तिचं चाललं होतं. त्या परीक्षेत पाण्याखालून एका दमात पन्नास मीटर जावं लागे. आमचा तलाव पंचवीस मीटरचा, म्हणजे जाऊन येऊन.

ती सकाळ मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. मी पहिल्या पट्ट्यात होतो. वर्षभर काठाचा दांडा धरून पाय मारल्यावर त्या दिवशी घारीने फर्मान काढलं होतं: आज दांडा सोडायचा. पाणी पाच फूट, म्हणजे माझ्या गळ्याशी. मी दांडा सोडला, दोन हात मारले, आणि खाली पाय टेकवायला गेलो तर फरशी निसरडी. पाय सटकला. नाकातोंडात पाणी गेलं. कान बंद झाले. मला आठवतं ते एवढंच की वरचा उजेड तुटक तुटक हलत होता आणि मी मनात म्हणत होतो, हा इतका उथळ भाग आहे, इथे कुणी मरत नाही. पण शरीर ऐकत नव्हतं.

ती खुर्चीवरून केव्हाच उतरली होती. काठावर गुडघे टेकून तिने बांबू माझ्या छातीशी लावला.

"धरा! प्रूफवाले, बांबू धरा! माझ्याकडे बघा, खाली नाही, माझ्याकडे!"

मी धरला. काठाला आलो. खोकत, ओकत होतो, आणि ती एका हाताने माझा दंड घट्ट पकडून सांगत होती, "झालं. झालं. मला माहीत होतं तुम्ही घाबरणार. आल्यापासून मान नुसती शहारत होती."

तेवढ्यात कंडक्टरचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. कोड्यात पडलेला माणूस बोलतो तसा.

"तेहतीस?"

मग पुन्हा, झरझर, बोट फिरवत. "...एकतीस, बत्तीस, तेहतीस. चौतीस होते."

घारीने मान वळवली. कंडक्टर सहाव्या पट्ट्याच्या टोकाला वाकून तळाकडे बघत होता. त्याने तीन लांब शिट्ट्या मारल्या आणि बुटांसकट उडी घेतली.

भाची तळाशी पालथी पडली होती. हात पसरलेले, केस हलत असलेले. ना धडपड, ना बुडबुडा. दम टिकवायचा म्हणून तिने आधी भराभरा खोल श्वास घेतले होते, आणि परतीच्या वाटेवर, पाण्याखाली, तिची शुद्ध हरपली होती. अशी माणसं हाक मारत नाहीत, तडफडतसुद्धा नाहीत. दिवा मालवावा तशी जातात.

तिला फरशीवर आणून उताणी ठेवली. ओठ जांभळे. तेवीस-चोवीस माणसं ओल्या अंगाने गोल उभी होती. घारीने तिची हनुवटी वर केली, नाक दाबलं, तोंडाला तोंड लावून श्वास भरला. मग छाती दाबायला लागली. तिचे हात बरोबर चालत होते, अगदी शिकवल्यासारखे. पण तोंडाने ती एकच पुटपुटत होती.

"मला काही वाटलंच नाही. काही वाटलंच नाही गं मला."

"सव्वीस, सत्तावीस," कंडक्टर शेजारी गुडघ्यावर बसून मोजत होता. "बाई, बोलू नका. तीस. श्वास द्या."

तिसऱ्या खेपेला मुलीच्या पोटातून पाणी आलं. एक घरघर झाली, मग खोकला. मी आयुष्यात इतका कर्कश आणि इतका गोड आवाज ऐकलेला नाही. चौतीस माणसांतलं ते एक डोकं पाण्याखाली होतं, तेव्हा घारीची नजर माझ्यावर होती. माझ्यासारख्या, गळ्याएवढ्या पाण्यात बुडणाऱ्या माणसावर.

रुग्णवाहिका आली. मुलगी चार दिवस दवाखान्यात होती. फुप्फुसात पाणी गेल्याने ताप चढला, पण उतरला. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा बाहेरच्या बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून. ताई रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं,

"तुला कळलं कसं नाही?"

मग तीच पुढे म्हणाली,

"शेजारच्यांचे नळ चोरीला जाणार हे तुला कळतं. परक्या माणसाचं हृदय बंद पडणार हे कळतं. आणि हिचं नाही?"

"ताई, ती चांगली पोहते म्हणून..."

"म्हणून काय?"

"म्हणून मी तिच्याकडे बघतच नव्हते."

त्यानंतर जे सुरू झालं ते मला जास्त भीतीचं वाटलं. घारीच्या मानेवरचा काटा आता जाईचना. खुर्चीवर बसली की तिला प्रत्येक डोकं बुडताना दिसे. एका तासात तिने चौदा वेळा शिट्टी वाजवली. डोळ्यांत पाणी गेलं म्हणून थांबलेल्या म्हातारीला तिने खेचून काठावर आणलं आणि म्हातारीचा खांदा दुखावला. बसस्टॉपवर उभी असताना तिला वाटायचं, ही बस नको. ताईचा फोन दोनदा वाजून उचलला गेला नाही की ती अर्धं शहर तुडवत ताईच्या दारात. गॅसची कळ बघायला ती वाटेतून तीनदा परत जायची. शेवटी तलावाच्या साहेबांनी तिला खुर्चीवरून काढून दारावर बसवलं, लोकांचे पास बघायला.

मी एका संध्याकाळी तिच्या खोलीवर गेलो. भिंतीपलीकडे पंप घुमत होता. ती पलंगाच्या कडेवर बसली होती, आणि मला वाटलं, ही बाई दहा दिवसांत म्हातारी झाली.

"मला भीती कशाची वाटते सांगू?" ती म्हणाली. "पाण्याची नाही. माझी. आजवर आत कुणीतरी जागं आहे म्हणून मी निवांत होते. त्या दिवशी ते झोपलं होतं. आणि आता ते वेड लागल्यासारखं ओरडत सुटलंय. मी कुणावर विश्वास ठेवू?"

मी म्हटलं, "चहा टाका." तिने टाकला. मग पिशवीतून तो कागद काढला, भिजून वाळलेला, शाई पसरलेला.

"खालचं वाचा. सावकाश."

मी वाचलं. 'सूचना आली नाही, की सगळं ठीक आहे असं धरून चालता' या ओळीला तिने हात वर केला. मी थांबलो.

"पुन्हा वाचा," ती म्हणाली.

युक्ती काढली ती कंडक्टरने. तो रोज कामावरून निघताना दारापाशी तिच्याशेजारी बसायला लागला. "बाई, काटा आला की लगेच मला सांगायचं. काय घडतंय ते कळायच्या आत. मी लक्षात ठेवतो. माझं डोकं त्याच कामाचं आहे." दारातून तलावाचा उथळ भाग दिसायचा. ती सांगायची, तो लक्षात ठेवायचा: कुठे होती, काय बघत होती, पुढे काय झालं. घरी आलेले, रस्त्यात आलेले काटेही तिने दुसऱ्या दिवशी त्याला सांगायचे. पहिल्या आठवड्यात तिला लाज वाटली. दुसऱ्या आठवड्यात ती रडली, कारण एकूण एक फोल. तिसऱ्या आठवड्यात तिने दारातून एका पोराकडे बोट दाखवलं. "तो. पिवळ्या चड्डीतला. त्याचे हात शिडी चढल्यासारखे चाललेत." बोट खाली येईपर्यंत पोरगं गटांगळी खायला लागलं होतं. कंडक्टरच्या जागी उभ्या असलेल्या जीवरक्षकाने त्याला उचललं.

"बाई," कंडक्टर म्हणाला, "आज पहिल्यांदा तुम्ही काय दिसलं ते सांगितलंत."

सहा आठवड्यांनी तिच्या खोलीवर चहा पिताना तिने मला सगळं सांगितलं. पाण्यातल्या माणसाकडे ती प्रत्यक्ष बघत असताना आलेला काटा बहुतेक खरा निघाला होता. बसचा, फोनचा, गॅसचा, माणूस चोर आहे की साव याचा, एकही नाही. एकसुद्धा नाही.

"ते कळणं माझ्या डोळ्यांतून येतं, प्रूफवाले," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं पाण्यातली माणसं बघितली, त्यातून. मला वाटायचं कुणीतरी वरून सांगतंय. वरून कुणी सांगत नाही. जिथे मी बघत नाही तिथे मला काडीचं कळत नाही. आणि ज्याच्याबद्दल खात्री आहे त्याच्याकडे मी बघत नाही."

"मग हे चांगलं झालं की कळलं ते."

"चांगलं?" ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी चहाचा कप खाली ठेवला. "आधी मी निश्चिंत झोपायचे. आता मला माहीत आहे की चौतीस माणसांतली तीस माझ्या पाठीमागे असतात."

त्याच आठवड्यात ती शिंप्याच्या दुकानात गेली. मला बरोबर नेलं, का ते विचारू नका. तो मशिनवर वाकलेला होता. ती म्हणाली, "तुम्ही चोर नव्हतात. मी म्हटलं म्हणून लोकांनी धरलं. माझं चुकलं." त्याने दोरा दाताने तोडला.

"एक वर्ष झालं त्याला."

"हो."

"माझ्या गिऱ्हाइकांनाही तुम्ही सांगून आलात का, की मी चोर नव्हतो म्हणून? त्यातले तिघं तुमच्या बॅचचे होते."

"सांगते," ती म्हणाली. त्याने मान हलवली नाही की बसा म्हटलं नाही. मशीन पुन्हा सुरू केलं. आम्ही निघालो. रस्त्यात ती एवढंच म्हणाली, "तेव्हाही इतकीच खात्री वाटली होती मला. अगदी इतकीच." तिघांपैकी दोघांकडे ती गेल्याचं मला माहीत आहे. तिसरा गाव सोडून गेला होता.

साहेबांनी तिला पुन्हा खुर्ची दिली, पण अर्धा तास बसायचं आणि अर्धा तास काठाने चालायचं, या बोलीवर. ती आता मोजायची. फार वाईट मोजायची. एकवीसवर आली की कुणीतरी डुबकी मारे आणि तिचा आकडा हरवे; मग चिडून पुन्हा पहिल्यापासून. खांदे आखडलेले, ओठ हलते. पूर्वीचा तो रुबाब गेला तो गेलाच. बॅचमधले काही जण नाराज झाले. त्यांना खुर्चीवर घार हवी होती. बोटांवर आकडे मोजत पुटपुटणारी बाई नको होती. गॅरेजवाला तर म्हणाला, "बाईंची नजर गेली." पण मी पाण्यात उतरताना वर बघणं सोडून दिलं होतं. त्याऐवजी मी शेजारच्या पट्ट्यात कोण आहे ते बघायला लागलो.

तीन महिन्यांनी भाची परत आली. एकटी नाही, ताई बरोबर होती, आणि ताई दाराबाहेरच थांबली. मुलीने टोपी घातली, काठावर बसली, पाय पाण्यात सोडले आणि तशीच बसून राहिली.

घार खुर्चीवर होती. मी खालीच उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"आला," ती म्हणाली. "काटा."

"मग थांबवा तिला."

तिचे हात खुर्चीच्या दांड्याला इतके घट्ट की बोटांची पेरं पांढरी पडलेली. "काय दिसतंय मला?" ती स्वतःलाच विचारत होती. "काठावर बसलीय. श्वास सरळ चाललाय. ओठ गुलाबी आहेत. काही दिसत नाहीये. ही सूचना नाही, प्रूफवाले. ही माझी नुसती भीती आहे." मग मोठ्याने, सगळ्या तलावाला ऐकू जाईल असं, "पाण्याखाली जायचं नाही! चार फेऱ्या, वरून, सावकाश. आणि कंडक्टर, तुम्ही तिच्या पट्ट्याशी राहा. मी बाकीचे बघते."

मला वाटलं होतं ती उलटं सांगेल. भाचीवर नजर स्वतःची ठेवेल आणि बाकीचे कंडक्टरला देईल. पण तिने तोंड मुद्दाम उथळ भागाकडे वळवलं, आणि मोजायला लागली. तिची मान सारखी सहाव्या पट्ट्याकडे वळू बघायची आणि ती ओढून परत आणायची. घाम कानामागून गळ्यात उतरत होता.

मुलगी चार फेऱ्या पोहली. वेळ किती लागला सांगता येत नाही. मला तो सबंध सकाळीएवढा वाटला. मग ती वर आली, टॉवेल गुंडाळून खुर्चीच्या पायाशी येऊन उभी राहिली.

"मावशी, दुसऱ्या फेरीला मला वाटलं मी पुन्हा जाणार."

"मग थांबली का नाहीस?"

"तू शिट्टी मारली नाहीस ना. म्हटलं, तुला काही वाटत नाहीये, म्हणजे ठीक असेल."

घार खुर्चीवरून उतरली. आधी तिने कंडक्टरला वर जायची खूण केली, तो चढून बसेपर्यंत थांबली, आणि मगच भाचीकडे वळून तिचे दोन्ही खांदे धरले.

"नीट ऐक," ती म्हणाली. "मी शिट्टी मारली नाही म्हणजे काहीही नाही. मला दिसलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. तुला भीती वाटली, तर तू थांबायचं. मी असले तरी. मी तुझ्याकडे बघत असले तरी. कळलं?"

मुलगी रडायला लागली. "मग मी कुणाच्या भरवशावर उतरू?"

"कुणा एकाच्या नाही," घार म्हणाली. "चल, कपडे बदल. तुझी आई बाहेर उभी आहे."